खुराड्यातले लाल कोळी: जाळावेत की फवारावेत?

शिरपूरकडच्या एका ताईंना नव्या कोंबड्या आणायच्या आहेत. जुन्या खुराड्यात लाल कोळी (कोंबड्यांच्या अंगावरचे बारीक रक्तपिपासू जीव, जाळं विणणारे कोळी नव्हेत) आहेत. फ्लेम गन (आगीची ज्योत सोडणारं यंत्र) फिरवावी की औषध फवारावं, हा त्यांचा प्रश्न.

खुराडं नुसतं रिकामं ठेवून भागत नाही. हे कोळी रात्री रक्त पितात, दिवसा फटीत दडतात आणि उपाशी कित्येक महिने जगतात. त्यामुळे आधी भुसा बाहेर काढा, बसायच्या दांड्या सुट्या करून घासा.

खर्चात फ्लेम गन सरस: एकदाच घ्यायची, नाहीतर मागून आणायची. आच लागेल तिथे कोळ्यांची अंडीही मरतात, पण खोल फटीत ती पोचत नाही. डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचं पाणी फटीत मुरतं, मात्र अंडी वाचतात. आपल्या उन्हाळ्यात आठवडाभरात नवी पिढी तयार होते, म्हणून ७ दिवसांनी दुसरी फवारणी हवीच.

पऱ्हाट्या-तुराट्यांचा कूड असेल तर आगीचं नावही काढू नका. तिथे फवारणीच, प्रमाण पशुवैद्यकाला विचारा आणि सगळं खडखडीत वाळल्यावरच कोंबड्या सोडा. विटांच्या भिंती, सिमेंटची जमीन, लोखंडी जाळी असेल तर फ्लेम गन आणि वर चुन्याचा हात.