गृहप्रकल्पाला विरोध: हरकत की हरित न्यायाधिकरण?

शेजारच्या मोकळ्या भूखंडावर मोठा गृहप्रकल्प येऊ घातला, की महाराष्ट्रातील रहिवाशांपुढे प्रामुख्याने दोन कायदेशीर मार्ग असतात. त्यासाठी विकास आराखड्यातील आरक्षण (भूखंडासाठी राखून ठेवलेला वापर) बदलले जाणार असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार सूचना प्रसिद्ध होते आणि एका महिन्यात लेखी हरकत घेता येते. वकील लागत नाही. मात्र एकाच मजकुराच्या शंभर प्रतींपेक्षा पाणी, सांडपाणी आणि रस्त्याची रुंदी यांवरील एकच मुद्देसूद अर्ज अधिक वजनदार ठरतो, असे माझे मत आहे. अंतिम मंजुरी राज्य शासनाची.

दुसरा मार्ग पर्यावरण मंजुरीला आव्हान देण्याचा. २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधकामाला केंद्राच्या २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार ही मंजुरी आधी घ्यावी लागते, परंतु सर्वसाधारण इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट असल्याने रहिवाशांना बहुधा मंजुरीनंतरच जाग येते. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. विलंबाचे पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. न्यायाधिकरण मंजुरी रद्द करू शकते, पण खर्च वाढतो आणि वाद पर्यावरणापुरताच राहतो. म्हणून आरक्षणच बदलत असेल, तर हरकतीची मुदत दवडून अपिलावर विसंबणे मला पटत नाही.