‘सरकारी फी’ म्हणून दिलेले साडेतीन हजार

खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत 31 वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. भीमगडच्या जंगलाकडची पोरं वर्गात असायची, त्यांना मी धनेशाची गोष्ट सांगायची. मादी ढोलीत शिरते, चिखल, फळांचा चोथा, स्वतःची शीट असं मिळेल ते लिंपून दार बंद करून घेते. चोचीपुरती फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला भरवतो. ‘चिखलाचं दार’ या नावानं त्याचं 24 पानी ई-पुस्तक करायचं मी ठरवलं. चित्रं माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीनं काढली. हाताशी 8,000 रुपये होते, त्यातले 4,000 तिचे.

घाई माझीच होती. थंडीत कडोली, येळ्ळूर, उचगाव अशी आमच्या सीमाभागातली संमेलनं सुरू होतात. तिथं चार जणांना फोनवर पुस्तक दाखवायचं, एवढी हौस. नेमका त्याच वेळी ‘ई-पुस्तक काढून देतो’ असा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. पुण्याचा पत्ता, गोड बोलणारा माणूस, दर वाक्याला ‘मॅडम’. ‘सीमाभागातल्या लेखिकांसाठी खास सवलत’ म्हणाला. आमच्या दुखऱ्या नसेवर बोट कुठं ठेवायचं हे त्याला बरोबर ठाऊक होतं. एक ऑनलाइन फॉर्म पाठवला, मी न वाचता खूण केली आणि ‘पॅकेज’चे 4,999 रुपये भरले.

आठवड्यानं फोन. ‘मॅडम, आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाची, सरकारी फी 3,500. आमचं यात काहीच नाही हो, सरळ दिल्लीला जाते.’ सरकारी म्हटल्यावर आमच्यासारख्या मास्तरणींचा हात आपोआप पर्सकडे जातो. चलन मागावं, पावती मागावी, सुचलंच नाही. मग चित्रांच्या ‘लेआउट’चे पानाला 150, म्हणजे 3,600. आणि शेवटी सगळ्यावर 18 टक्के जीएसटी, 2,178. एकूण 14,277 रुपये. सगळे यूपीआयनं, आणि नाव प्रत्येक वेळी कुणा तरी व्यक्तीचं, संस्थेचं एकदाही नाही.

पुस्तक आलं ते एक लिंक म्हणून. शेजारची तिसरीतली पोरगी फोन हातात घेऊन वाचायला लागली आणि पहिल्याच ओळीवर अडली. ‘बाई, चखिल म्हणजे काय ओ?’

बघते तर मुखपृष्ठावरच ‘चखिलाचं दार’. आत पिल्लूचं पलि्लू, किलबिलचं कलिबलि. माझा मजकूर डीटीपीवाल्यानं श्री-लिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. तो युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत, नीट बदलून एकदा वाचून घ्यावा लागतो, नाहीतर ऱ्हस्व वेलांट्या अशा घर सोडून पळतात. या लोकांनी कुठल्या तरी फुकटच्या कन्व्हर्टरमधून तो काढला आणि पीडीएफ करून टाकला. ई-पुस्तक ते नव्हतंच. चित्रकार मुलीचं नावही कुठं नव्हतं.

भाचा म्हणाला, ‘आत्ती, पैसे गेले ते गेले, खरं तो आयएसबीएन नंबर तरी बघूया की.’ माझ्याबरोबर गणित शिकवणाऱ्या सरांनी कागद घेतला. आयएसबीएनचे 13 आकडे असतात. त्यांना आळीपाळीनं 1 आणि 3 नं गुणत जायचं, बेरजेला 10 नं पूर्ण भाग गेला पाहिजे. सरांची बेरीज आली 117. दोनदा केली. बिलावरचा जीएसटी क्रमांकही 14 अक्षरी निघाला, असतो 15 अक्षरी. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे 27, आपल्या कर्नाटकाचे 29. पत्ता पुण्याचा आणि माझ्या बिलावर 07, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर क्रमांक टाकला की नाव दिसतं, दोन मिनिटांचं काम. ते मी पैसे भरून झाल्यावर केलं.

खरा संताप पुढेच. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी तो देते, लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. आणि ॲमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तक टाकायला तो लागतच नाही. ॲमेझॉन आपला दहा अक्षरी क्रमांक स्वतःच देतं. तिथं पुस्तक चढवायलाही पैसे पडत नाहीत, भाषांच्या यादीत मराठी आहे. फक्त खातं आपल्या नावाचं हवं. माझ्या ‘पॅकेज’मध्ये ते त्यांच्या नावानं उघडणार होते, म्हणजे विक्रीचे पैसेही त्यांनाच.

त्या फॉर्ममध्ये ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असं बारीक अक्षरात होतं. रात्रभर झोप नाही. बेळगावच्या ओळखीच्या वकिलांनी धीर दिला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. ‘कागदावर सही केलीसा काय? नाही ना? मग भिऊ नका.’ आता म्हटलं, पुढं कुणी काही पाठवलं तर सही आधी नाहीच करायची.

सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या 1930 या नंबरवर फोन करायला मला तीन महिने लागले. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. शिकवणाऱ्या बाईनं असं फसावं! पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढं गेले होते. त्या नंबरवर जितक्या लवकर सांगावं तितका रक्कम अडवायला वाव असतो. पोलीस ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये लिहायची होती, ती भाच्यानं लिहून दिली. यूपीआयच्या नोंदी आणि चॅट मी पुसले नव्हते, तेवढं एक शहाणपण. तपास चालू आहे म्हणतात.

मधेच त्या माणसाचा मेसेज आला होता: ‘अभिनंदन मॅडम, आपली उत्कृष्ट बालसाहित्य पुरस्कारासाठी निवड, ट्रॉफीचा खर्च फक्त 2,500.’ तो मात्र मी दिला नाही.

नंतर सगळा मजकूर फोनवरच मराठी कीबोर्डनं पुन्हा टाइप केला. भाच्याच्या मदतीनं दोन संध्याकाळी बसून स्वतःच्या खात्यावरून पुस्तक चढवलं. पहिल्या पानावर त्या मुलीचं नाव माझ्या नावाएवढ्याच टाइपात आहे. तिच्या 4,000 मधले 1,500 आधी दिले होते, बाकीचे 14,277 च्या नादात गेले. दर महिन्याला पेन्शनमधून 500 देते. ‘बाई, असू दे की,’ म्हणते ती. अजून दोन हप्ते राहिलेत.