बिनआकड्यांच्या कांड्या: आठ महिने वापरल्यानंतर

लेक साडेचार वर्षांची असताना गणितासाठीच्या क्विझनेर कांड्यांचा लाकडी संच घरात आला. पहिल्याच आठवड्यात हे लिहायला बसले असते तर पाचपैकी दोन गुण दिले असते. आज चार देईन. तो एक गुण का कापला, तेही सांगते.

ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी: एक सेंटिमीटर जाडीच्या चौकोनी कांड्या, लांबी एकपासून दहा सेंटिमीटरपर्यंत, आणि प्रत्येक लांबीचा रंग ठरलेला. पांढरी १, लाल २, पोपटी ३, जांभळी ४, पिवळी ५, गडद हिरवी ६, काळी ७, तपकिरी ८, निळी ९, नारिंगी १०. आमच्या संचात एकूण ७४ होत्या. कांडीवर आकडा नाही, रेघ नाही, काहीच नाही. पहिल्या दिवशी मला ही बनवणाऱ्याची चूकच वाटली.

घ्यायचं कारण असं. लेक तीसपर्यंत आकडे एका दमात म्हणायची, पण “सात बटणं दे” म्हटलं की मूठभर बटणं हातावर ठेवायची. समोरची सहा बटणं बोट लावून नीट मोजायची, पण “मग किती झाली?” विचारलं की पुन्हा एकपासून सुरू. शेवटी उच्चारलेला ‘सहा’ हे त्या शेवटच्या बटणाचं नाव नाही, अख्ख्या ढिगाची संख्या आहे, हे तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली, त्यातलं हे एक. मुलांना ते उमगायला कित्येक महिने लागतात, त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. पण तेव्हा मला घाई होती आणि कांड्यांनी हे काम होईल अशी माझी समजूत होती.

होत नाही. ते ती बटणं, पायऱ्या आणि चपला मोजून शिकली. त्यामुळे मोजणी शिकवायला म्हणून कोणी कांड्या घेणार असेल तर थांबा. पिवळी कांडी म्हणजे पाच तुकडे नव्हेत, ते एक सलग पाच आहे.

मी मात्र त्या सलग पाचाचे तुकडे करायला निघाले. बॉलपेन आणि पट्टी घेऊन प्रत्येक कांडीवर सेंटिमीटरच्या रेघा मारल्या, म्हणजे लेकीला मोजता येईल. तिने मोजल्या. पिवळी हातात घेऊन म्हणाली, “आई, ही चार.” बरोबरच होतं तिचं! पाच भाग करायला रेघा चारच लागतात, आणि ती रेघा मोजत होती. अख्खी संध्याकाळ सँडपेपरने घासण्यात गेली. काळ्या कांड्यांचा रंगही सोबत निघाला, त्या अजून खरूज झाल्यासारख्या दिसतात.

घासता घासता या प्रकाराचा इतिहास वाचला, तो आधी वाचायला हवा होता. बेल्जियममधल्या थुआँ गावचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी १९५२ मध्ये ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली. पुढच्याच वर्षी गणितशिक्षणाचे अभ्यासक कालेब गातेन्यो यांनी तिथे मुलांना या कांड्यांवर काम करताना पाहिलं आणि मग ती देशोदेशी नेली. आधी मुलांना मनसोक्त खेळू द्या, मग कोण कोणाएवढी ते बोलू द्या, आकडे त्यानंतर, असा गातेन्यो यांचा क्रम. कांडी कोरी का, याचं उत्तर त्यात आहे. पोपटी एकटी ‘तीन’ नसतेच. पांढरीला एक म्हटलं तर ती तीन.

मग दोन आठवडे मी काहीच विचारलं नाही. ‘ही किती?’ हा प्रश्न गिळून टाकणं हे या आठ महिन्यांतलं सगळ्यात कठीण काम होतं, आणि तिच्या बाबाला तर ते अजून जमलेलं नाही.

त्या दोन आठवड्यांत तिने घरं बांधली, कुंपणं घातली, आणि एक दिवस आपण होऊन जिना केला: पांढरीपासून नारिंगीपर्यंत दहा पायऱ्या. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा एका पांढरीने उंच. ‘पुढचा आकडा म्हणजे एक जास्त’ हे मी तोंडाने पन्नासदा सांगितलं असेल, जिन्यावर ते तिला बोटाने लागलं. मग आमचा खेळ सुरू झाला. एकीने डोळे मिटायचे, दुसरीने एक पायरी काढून फट मिटवायची, आणि कोणती गेली ते ओळखायचं. सुरुवातीला ती सगळा जिना पुन्हा रचून बघायची. महिन्याभराने नुसती नजर टाकून “जांभळी!” म्हणायला लागली.

सर्वात जास्त रमलो आगगाड्यांमध्ये. एक कांडी घ्यायची आणि तिच्याएवढ्या लांबीच्या जितक्या वेगवेगळ्या गाड्या जोडता येतील तितक्या जोडायच्या. लाल-पोपटी वेगळी, पोपटी-लाल वेगळी. जांभळीच्या ८ गाड्या होतात. तिने त्या एका बैठकीत शोधल्या. पिवळीच्या १६ होतात, त्याला दोन दुपारी लागल्या. दर वेळी लांबी एकाने वाढली की गाड्या दुप्पट, कारण आधीच्या प्रत्येक गाडीला दोन गोष्टी करता येतात: मागे एक पांढरा डबा जोडायचा किंवा शेवटचाच डबा एकाने लांब करायचा. हे मी तिला सांगितलं नाही, मलाच आधी माहीत नव्हतं.

आता तक्रार. पिवळीच्या सोळाही गाड्या एकाच वेळी मांडायच्या तर पांढऱ्या कांड्या २८ लागतात. संचात २२. लाल बरोबर १२ लागतात आणि बरोबर १२ च आहेत, म्हणजे तिथेही एक हरवली की संपलं. ऐन रंगात आलेला खेळ “आई, पांढऱ्या संपल्या” वर अडतो आणि मग कागदाचे चौकोन कापत बसायचं. हा प्रकार करायचाच असेल तर दोन संच घ्या.

बेरीज-वजाबाकी कांड्यांवर सोपी आहे, त्यावर फार लिहीत नाही. नारिंगीखाली तिच्याएवढ्या लांबीच्या दोन-दोन कांड्यांच्या जोड्या लावल्या की दहाच्या सगळ्या फोडी समोर दिसतात. निळीवर काळी ठेवली की उरलेल्या जागेत लाल बसते, म्हणजे नऊ वजा सात. वजाबाकी म्हणजे नेहमी ‘काढून टाकणं’ नसतं, फरकही असतो, हे कांड्यांवर फार सहज येतं. गुणाकाराची चुणूकही मिळाली: तीन जांभळ्या शेजारी शेजारी ठेवून त्यांवर चार पोपटी आडव्या टाकल्या, तर तंतोतंत झाकल्या गेल्या. ती हसली. मी तीन-चोक बारा आणि चार-त्रिक बारा वेगवेगळे पाठ केले होते.

खरी अडचण दुसरीच होती. तिसऱ्या महिन्यात ती फडाफड सांगायला लागली, “पिवळी आणि लाल, काळी!” मी खूश. मग कागदावर ५ + २ लिहिलं तर नुसती बघत राहिली. रंग पाठ झाले होते, संख्या नव्हत्या. या संचाचा हाच मोठा दोष, आणि तो खोक्यावर कुठे लिहिलेला नसतो. उपाय साधा निघाला: कांड्या कापडी पिशवीत टाकायच्या आणि न बघता हाताने चाचपून ओळखायचं. रंग गेला की लांबीच उरते. खात्री करायला पांढऱ्या लावून बघायच्या. आकडा आणि कांडी यांची गाठ तिथे बसली.

मराठी आकड्यांच्या नावांसाठी या कांड्या मला अनपेक्षितपणे उपयोगी पडल्या. ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी येतो, म्हणून ती ३२ लिहायची. आता डावीकडे दोन नारिंग्या, उजवीकडे एक पोपटी मांडते आणि मग लिहिते. एकोणतीसला तर मजा आली. दोन नारिंग्या आणि पुढे एक निळी, त्या निळीला लागून खाली तिसरी नारिंगी, टोकाला एका पांढरीची फट. “एक ऊन, म्हणजे एक कमी तीस,” मी म्हटलं. तिने लगेच एकोणचाळीस करून पाहिलं. काही दिवसांनी विचारलं, “मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण नारिंग्या फक्त ४ आहेत. शंभर म्हणजे दहा नारिंग्यांचा चौरस, तो या संचात होतच नाही. पन्नाशीच्या पुढे तर दशकांसाठी आम्ही आगकाड्यांचे गठ्ठे बांधतो.

बारीकसारीक कुरबुरी: रंगाच्या थरामुळे आमच्या दहा पांढऱ्या ओळीत लावल्या की नारिंगीच्या किंचित पुढे जातात. लेकीच्या डोळ्यांना ते खुपतं आणि “दहा नाहीत, जास्त आहेत” म्हणून ती भांडते. काय बोलणार? दिव्याच्या उजेडात गडद हिरवी आणि काळी सारख्याच भासतात. खोकं फरशीवर उपडं झालं की जो आवाज होतो तो शेजाऱ्यांना विचारा. आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर खोकं कुलपात ठेवा. पांढरी कांडी एक सेंटिमीटरचा ठोकळा आहे, घशात अडकू शकतो.

सध्या संचात ७१ कांड्या आहेत, तीन पांढऱ्या कुठे गेल्या कोण जाणे. “म्हणजे एक पोपटी हरवली,” असा हिशेब लेकीने मांडला.

गेल्या आठवड्यापासून तिला मापं घ्यायचं वेड लागलं आहे. दाराची चौकट नारिंग्यांनी मोजायची होती. चार लावल्या, संपल्या. मी कागदाची पट्टी आणायला उठले, तोवर तिने मागची नारिंगी उचलून पुढे लावली होती, मग तिच्या मागची. मध्येच मोजणी चुकली, चिडली, पुन्हा उंबरठ्यापासून सुरुवात केली. माप अजून पूर्ण झालेलं नाही. बाबा मोजपट्टी घेऊन आला होता, त्याला बाहेर काढलं.