चहा पडलेला मेकॅनिकल कीबोर्ड: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

जुलैत मी या कीबोर्डाबद्दल 'घेऊ नका' असं लिहिलं होतं. तेव्हा राग होता आणि रागाला कारणही होतं. आज त्यातलं अर्धं मागे घेते. कीबोर्डाबद्दलचं मागे घेते, कंपनीच्या सर्व्हिसबद्दलचं एक अक्षरही नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात तहसील कार्यालयाजवळ माझं टायपिंगचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. मराठी अर्ज, कन्नड अर्ज, प्रतिज्ञापत्रं, कन्नडमध्ये आलेल्या नोटिशीचं मराठी करून देणं, मे महिन्यात लग्नपत्रिका. दिवसाचे सात-आठ तास बोटं बटणांवरच असतात. आधी साडेचारशे-पाचशेचे रबरी मेम्ब्रेन कीबोर्ड वापरायची. वर्षभरात एक जायचाच. गेल्याच्या गेल्या दिवाळीत हिशेब केला आणि ३,२०० रुपये घालून हा १०४ बटणांचा, वायरचा, हॉट-स्वॅप (म्हणजे बटणाखालचा स्विच उपटून बदलता येतो असा) मेकॅनिकल घेतला. पहिले आठ महिने तक्रारीला जागा नव्हती. संध्याकाळी मनगट दुखायचं ते थांबलं, एवढं एकच सांगते.

जुलैत धो धो पाऊस चालू असताना दुपारी लाइट गेली. कॉम्प्युटर यूपीएसवर चालू होता. जांबोटीकडचे एक आजोबा वारसा अर्जासाठी समोर बसले होते, त्यांना चहा दिला होता. अंधारात त्यांचा हात लागला आणि पेला डाव्या बाजूला कीबोर्डावर आडवा झाला. दुधाचा, आमच्याकडे करतात तसा चांगला गोड चहा. आजोबा घाबरून उठले. "चुकी झाली बाई माझी, काय लागतंय ते मी देतो," म्हणाले. मी म्हटलं, "असू दे ओ आजोबा, तुम्ही बसा आधी."

पहिल्या मिनिटात जे केलं ते बरोबर केलं. आधी यूएसबी उपटली. पुसायला कापड शोधायच्या आधी वायर निघाली पाहिजे. दूध आणि नळाचं पाणी या दोन्हींत क्षार असतात, त्यांच्यातून वीज वाहते, आणि वीज चालू असताना ओल राहिली की सर्किटचं तांबं खायला लागतं. नुसत्या ओलीने एवढ्या लवकर काही बिघडत नाही. मग कीबोर्ड उलटा धरला, झटकला, आणि 'चालतंय का' बघायला एकही बटण दाबलं नाही. दाबलं की चहा स्विचच्या आत ओढला जातो. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला आणि डावीकडच्या बटणांच्या सगळ्या टोप्या काढून साबणाच्या कोमट पाण्यात टाकल्या.

चूक पुढे केली. जो तो सांगतो, 'आयपीए लाव'. म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात, बेळगावात खडेबाजारात सहज मिळतं. मी ९९ टक्क्यांची बाटली आणली, स्विचवर सोडलं, बटणं दाबली, पुन्हा सोडलं. अर्ध्या तासात सगळं कोरडं आणि स्वच्छ दिसायला लागलं. तिसऱ्या दिवशी डीचं बटण चिकटायला लागलं. साखर पाण्यात विरघळते, अशा अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. मी आयपीए ओतून चहातलं पाणी तेवढं हाकलून लावलं आणि साखर आत तशीच वाळवून ठेवली. हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझे पुढचे पाच आठवडे वाचले असते, म्हणून इथे सांगते: गोड काही पडलं तर आधी पाणी, नंतर अल्कोहोल. अल्कोहोलचं काम फक्त शेवटी उरलेलं पाणी बाहेर काढायचं.

आता डीबद्दल. जे इंग्रजीच टाइप करतात त्यांना एक बटण अडलं तर काय एवढं, असं वाटेल. मराठी टायपिंगच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत डी म्हणजे हलन्त, पाय मोडायचं बटण. शिफ्ट धरून डी म्हणजे 'अ'. गंमत बघा, 'प्रतिज्ञापत्र' हा एवढा मोठा शब्द डीला हात न लावता लिहिता येतो, कारण 'प्र'मधला रकार, ज्ञ, त्र हे सगळं वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्टबरोबर आहे. पण 'अर्ज' लिहिता येत नाही! पहिलंच अक्षर अडतं. 'हक्क' नाही, 'उत्पन्न' नाही, 'रक्कम' नाही. माझ्या दुकानातला निम्मा कागद 'अर्जदार' या शब्दाने सुरू होतो. बटण चिकटलं की हलन्त दोनदा उमटायचा आणि शब्दाच्या मधोमध ते ठिपक्यांचं वर्तुळ यायचं. प्रत्येक ओळ दोनदा वाचून ती वर्तुळं खोडत बसायचं.

कन्नड काम मात्र चालू होतं. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओत्ताक्षराचं, म्हणजे जोडाक्षराचं, बटण एफ आहे आणि 'अ' सरळ ए वर आहे. त्याच कीबोर्डावर कन्नड 'अर्जि' निघत होती आणि मराठी 'अर्ज' अडला होता. आठवडाभर मी मराठीची गिऱ्हाइकं 'उद्या या' म्हणून परत पाठवली. लांबून बस पकडून आलेल्या माणसाला असं परत पाठवताना जिवाला लागतं, हो.

कंपनीला फोन केला. वॉरंटी वर्षाची होती, चार महिने शिल्लक होते. चहा सांडलाय हे मी खरं ते सांगितलं. उत्तर आलं, द्रवपदार्थामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. ते मला मान्य आहे, कागदावर तसं लिहिलेलंच होतं. मग मी विचारलं, "पैसे देऊन दुरुस्त करून द्याल?" तर म्हणे दोन्ही बाजूंचा कुरिअरचा खर्च तुमचा, तपासणीचे पैसे वेगळे, आणि दुरुस्त होईलच असं नाही. बरं, एकच स्विच विकत द्या म्हटलं, तर सुटे भाग विकत नाही. मी घरी उघडते म्हटल्यावर मात्र, "मॅडम, उघडलात तर वॉरंटी जाईल." जी वॉरंटी मला लागूच नाही ती जाईल कशी? स्विच उपटून बदलता येतो हेच ज्या मालाचं मोठं वैशिष्ट्य म्हणून विकता, त्याचा एक स्विच विकत नाही? राग इथे होता आणि अजून आहे.

त्यानंतर जे जमलं ते बॅटरीच्या पाण्याने. गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या कुठल्याही दुकानात मिळतं. मागताना नीट मागा, 'पाणी' म्हणा. त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही असतं. नळाचं पाणी वापरलं तर वाळल्यावर त्यातले क्षार मागे राहतात, यात ते नसतात. डब्यात आलेल्या चिमट्याने डीचा स्विच उपटला, छोट्या वाटीत कोमट बॅटरीच्या पाण्यात बुडवला आणि पाण्यातच शंभर-एक वेळा दाबला. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं झालं. एवढ्याशा स्विचमध्ये किती चहा बसतो! तीन वेळा पाणी बदललं, शेवटी आयपीएत बुचकळला आणि पंख्याखाली दोन दिवस ठेवला. एस, एफ, ई, आर, एक्स आणि सी यांचंही तसंच केलं. हेअर ड्रायर लावला नाही, टोप्या आणि स्विच प्लास्टिकचे आहेत, वाकतात.

दोन दिवसांनी जोडला आणि 'हक्कसोडपत्र' एका दमात लिहिलं. त्या दिवशीचा आनंद मला अजून आठवतो. तेव्हाच हा अनुभव लिहिला असता तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

बारा दिवसांनी डी परत अडला. शिवाय कीबोर्डातून आंबूस वास यायला लागला, जवळ वाकलं की दूध नासल्यासारखा. आता संपूर्ण उघडायचं ठरवलं. मागच्या बाजूचे स्क्रू, त्यातला एक स्टिकरच्या खाली लपलेला. १०४ च्या १०४ स्विच उपटले, तेव्हा कुठे लोखंडी प्लेट आणि सर्किट बोर्ड वेगळे झाले. मध्ये फोमचा थर. आवाज मऊ यावा म्हणून तो घालतात आणि जाहिरातीत त्याचं केवढं कौतुक असतं. डाव्या बाजूचा सगळा फोम चहाने तपकिरी झाला होता आणि अजून दमट होता. मी वरून स्विच धूत होते आणि खालून फोम त्यांना रोज चहा पाजत होता. खानापूरच्या पावसाळ्यात साधा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, दोन पत्र्यांमध्ये दाबलेला फोम कसा वाळेल? डीच्या खाली प्लेटला गंज धरला होता.

फोम काढून टाकून दिला. बोर्डावर बॅटरीचं पाणी आणि मऊ टूथब्रश, मग आयपीए. प्लेटवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासला. डीच्या स्विचची आतली पत्री काळी पडली होती, म्हणून स्क्रोल लॉकचा स्विच काढून डीच्या जागी बसवला आणि डीचा जुना स्विच स्क्रोल लॉकला दिला. स्क्रोल लॉक मी आयुष्यात वापरलेलं नाही. खर्च शून्य. ज्या हॉट-स्वॅपवर मी जुलैत चिडले होते त्यानेच ऑगस्टात कीबोर्ड वाचवला. स्विच डाग देऊन जोडलेले असते तर माझ्याच्याने झालं नसतं.

सासूबाई म्हणाल्या, "तांदळाच्या डब्यात ठेव की." घरात बेळगाव बासमतीचा डबा भरलेला होता आणि त्यांनी मनापासून सांगितलं होतं. पण तांदूळ अशी आतली ओल काही ओढून घेत नाही, उलट त्याचा बारीक कोंडा आत जातो. ॲपलने आयफोनसाठी तांदूळ वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय ते याच कारणाने. सॅनिटायझरही नको, त्यात ग्लिसरीन असतं, ते वाळत नाही आणि बटणं पुन्हा चिकट होतात. थिनर किंवा ॲसिटोन एबीएस प्लास्टिक विरघळवतं. लॅपटॉपवर सांडलं तर यातलं काही करू नका, बंद करा, उलटा ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या.

साध्या मेम्ब्रेन कीबोर्डाचं उलट सोपं असतं. माझ्या जुन्या एकावर उसाचा रस सांडला होता तेव्हा मी तो फेकला, आज फेकला नसता. आत पारदर्शक प्लास्टिकच्या तीन पातळ शीट असतात, रस त्यांच्या मध्ये जातो. शीट सुट्या करून बॅटरीच्या पाण्याने ओल्या केलेल्या कापडाने हलक्या हाताने पुसायच्या, सुकवायच्या आणि होत्या त्याच क्रमाने परत लावायच्या. छापलेल्या रेघा घासून काढू नका, त्या गेल्या की कीबोर्ड गेला.

आज जानेवारी. डी एकदाही अडलेला नाही. फोम गेल्यामुळे आवाज थोडा पोकळ झालाय, मला चालतो. धुतल्यावर स्पेसबारच्या तारेचं ग्रीस निघून गेलं आणि तो खडखडतो. सिलिकॉन ग्रीस लावल्यावर खडखडाट निम्मा कमी झाला. आयपीए, पाणी आणि ग्रीस मिळून माझे साडेचारशेच्या आत गेले, म्हणजे एका मेम्ब्रेन कीबोर्डाएवढे. कीबोर्डाला चार तारे, सर्व्हिसला एकही नाही.

आजोबा डिसेंबरात उतारा घेऊन परत आले होते. चहा स्टुलावर ठेवला होता. त्यांनी पेला उचलायच्या आधी विचारलं, "मशीन बरी झाली काय बाई?" मी त्यांचं नाव टाइप करून दाखवलं, त्यात दोन जोडाक्षरं आहेत.