एफडिस्क /एमबीआर: बूट व्हायरसवरचा उतारा, पण प्रत्येकावर नाही

एमएस-डॉस 5.0 पासून एफडिस्क या हार्ड डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असलेला /एमबीआर हा स्विच, म्हणजे आज्ञेला जोडायचा पर्याय, मदतीच्या पडद्यावर सापडत नाही. एमबीआर म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड, हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर. तरी स्टोन्ड आणि मायकेलअँजेलो या व्हायरसवर याच्याइतका सोपा उतारा नाही.

लागण झालेली फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये विसरली आणि पीसी सुरू केला, की तिचा पहिला सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) चालतो. फ्लॉपीवर डॉस नसलं तरीही! 'नॉन-सिस्टिम डिस्क' अशी ओळ दिसते तोवर व्हायरस हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरात शिरलेला असतो. तिथला मूळ मजकूर तो सातव्या सेक्टरात हलवतो आणि मेमरीतले 2 केबी अडवतो. चेकडिस्क या डॉसच्या आज्ञेत एकूण मेमरी 6,55,360 ऐवजी 6,53,312 बाइट दिसले, तर संशय घ्याच. दोन्ही व्हायरसना सातवाच सेक्टर लागतो, म्हणून दोघे एकाच डिस्कवर आले की मूळ प्रत पुसली जाते आणि पीसी सुरूच होत नाही. मायकेलअँजेलो तर 6 मार्चला डिस्कच्या सुरुवातीचा भाग खरडून टाकतो. त्यानंतर हा स्विच निरुपयोगी.

/एमबीआर पहिल्या सेक्टरातला कोड नव्याने लिहितो, पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत याची नोंद) तसंच ठेवतो. पीसी पूर्ण बंद करा, कंट्रोल-ऑल्ट-डिलीटवर भागवू नका. राइट-प्रोटेक्ट केलेल्या स्वच्छ फ्लॉपीने सुरू करून आधी फाइलींची यादी दाखवणारी 'डीआयआर सी:' ही आज्ञा द्या. फाइली दिसल्या नाहीत तर तिथेच थांबा. मंकी व्हायरस टेबल पहिल्या सेक्टरात ठेवतच नाही, सांकेतिक करून तिसऱ्यात लपवतो. अशा डिस्कवर /एमबीआर चालवला की व्हायरससोबत सी: ड्राइव्हही जातो.

वनहाफ हा व्हायरस याहून घातक. त्यात फाइली दिसतात, पण दर वेळी पीसी सुरू होताना डिस्कचा थोडा भाग शेवटाकडून सांकेतिक होत जातो आणि किल्ली पहिल्या सेक्टरातच असते. ती पुसली की तो डेटा हातचा गेला. म्हणून डिस्क एडिटरने (सेक्टर थेट वाचणाऱ्या प्रोग्रॅमने) पहिल्या सेक्टराची प्रत फ्लॉपीवर घेतल्याशिवाय 'एफडिस्क /एमबीआर' लिहून एंटर दाबू नका. एफडिस्क स्वतः प्रत ठेवत नाही, विचारतही नाही, हा त्याचा अक्षम्य दोष.

फॉर्म व्हायरस पार्टिशनच्या बूट सेक्टरात बसतो, त्याला तो बूट सेक्टर नव्याने लिहिणारी 'सिस सी:' ही आज्ञा लागते. आणि जवळची एकूण एक फ्लॉपी तपासा. एक जरी राहिली, तरी पुन्हा लागण होते.