सुपरमार्केटमधली स्वस्त खेळणी: कोकणातल्या अख्ख्या पावसाळ्यानंतर

गेल्या मे महिन्यापासून मुलांची खेळणी आणि वाढदिवसांच्या भेटी आम्ही जवळपास सगळ्या कुडाळमधल्या एका सुपरमार्केटमधून घेतोय. घरात थोरला सात वर्षांचा आणि धाकटी अडीचची. पावसाळा, गणपती, दिवाळी, संक्रांत एवढ्यातून ती खेळणी गेली आहेत, तेव्हा आता त्यांच्याविषयी खात्रीने बोलता येईल. आधी निकालच सांगते. शंभर ते तीनशे रुपयांत तिथे खरोखर चांगलं खेळणं मिळतं. पण ज्यात सेल, लोखंडी स्प्रिंग किंवा पुठ्ठा आहे, ते आपल्या हवेत तग धरत नाही. ऑनलाइन दिसणारी पंचतारांकित मतं बहुतेक कोरड्या हवेतल्या लोकांची असतात. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पापडसुद्धा डब्यात सादळतो, तिथे खेळण्याची काय कथा!

पहिलं उदाहरण बॅटरीवरच्या गाडीचं. भिंतीला धडकली की आपोआप वळणारी, दिवे आणि गाणी असलेली, दोन पेन्सिल सेलवर चालणारी. जूनपर्यंत झकास चालली. आषाढात एक दिवस बंद पडली म्हणून मागचं झाकण उघडलं, तर स्प्रिंगवर तांबूस गंज आणि शेजारच्या पत्रीवर हिरवट थर. सेल नवे होते, पण वीज पुढे जायला वाटच नव्हती. पॉलिश पेपरने घासून, कोरड्या फडक्याने पुसून गाडी पुन्हा चालू केली. पंधरवड्यात परत तेच. समुद्र आमच्यापासून दूर आहे, तरी ही गत. मालवण, वेंगुर्ल्याला किनाऱ्यालगत राहणाऱ्यांचं खारं वारं तर याहून वाईट. बॅटरीचं खेळणं घ्यायचंच असेल तर खेळून झाल्यावर सेल काढून ठेवायची सवय मुलांना लावा. आमचा थोरला ते आता स्वतः करतो. पण सणाला कुणाच्या मुलाला द्यायची भेट असेल, तर असलं काही मी निवडणार नाही.

पुठ्ठ्याच्या जिगसॉचं नशीब त्याहून वाईट. श्रावणापर्यंत तुकड्यांचे पदर सुटले, कडा फुगल्या, एकात एक बसेनात. वर काळे ठिपके आले आणि बुरशीचा वास यायला लागला, तेव्हा टाकूनच दिला. लहान कॅरमही प्लायवुडचा होता. तो मधोमध किंचित फुगला आणि ओलसर हवेत पावडरच्या गोळ्या होऊ लागल्या. त्यापेक्षा घडीचा प्लास्टिकचा चुंबकी लुडो उत्तम. सोंगट्या घरंगळत नाहीत, आणि वीज गेली की पडवीत कंदिलाच्या उजेडातही खेळता येतो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते: ब्लॉक्सचा डबा. अडीचशेच्या आत मिळालेला, झाकणवाली प्लास्टिकची बरणी आणि आत मोठाले ठोकळे. या डब्याइतके पैसे दुसऱ्या कुठल्याच वस्तूचे वसूल झाले नाहीत. पावसात खळ्यात नेले, चिखलात लोळवले, साबणाच्या पाण्यात धुतले, ओटीवर पसरून वाळवले. रंग जरा उतरलाय, पण ठोकळ्याला ठोकळा अजून घट्ट बसतो. दुकानात घेताना ही एकच परीक्षा करायची. बरणीच्या बाहेरूनच ठोकळ्यांच्या कडा नीट बघायच्या. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकचे पापुद्रे तसेच राहिले असतील, कडा खरबरीत असतील, तर ते ठोकळे एकमेकांत नीट बसत नाहीत आणि बोटालाही कापतात. आमच्या सासूबाई पहिल्या दिवशी बरणी हातात घेऊन म्हणाल्या होत्या, "ह्येका पावसात काय एक जावचा नाय." पावसात याला काहीच होणार नाही, हा त्यांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला.

वाळूत खेळायची बादली, फावडं आणि साचे हा संचही मस्त आहे. शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर नेला की दोन्ही मुलं तासभर जागची हलत नाहीत. फक्त घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवा. उन्हात टाकून दिलेलं फावडं मे महिन्यापर्यंत ठिसूळ होऊन मोडतं.

स्वस्त खेळण्यांवर लोकांचा मुख्य आक्षेप असतो तो सुरक्षिततेचा, आणि तो रास्तच आहे. पण इथे सुपरमार्केट जत्रेतल्या दुकानापेक्षा उजवं ठरतं. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, देशी असो की परदेशी. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो: साध्या खेळण्यांना आयएस ९८७३, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४. खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का, ते तिथल्या तिथे कळतं. रांगेत उभं असताना होणारं काम आहे, मी करते. बहुतेक खोक्यांवर चिन्ह नीट सापडतं. मात्र काउंटरजवळच्या टोपलीतल्या सुट्या, पारदर्शक पिशवीतल्या वस्तूंवर कधी कधी काहीच छापलेलं नसतं. किंमत कितीही कमी असली तरी त्या टोपलीला मी हात लावत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' ही सूचना हुशारीबद्दल नसते, घशात अडकण्याबद्दल असते. चाचणीसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे साधारण सव्वा इंच रुंदीची नळी वापरतात. त्यात पूर्ण मावणारा तुकडा तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायचा नाही. बोरन्हाणाच्या दिवसांत हे फार महत्त्वाचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्यांबरोबर छोट्या खेळण्यांचाही वर्षाव होतो, आणि ती वेचायला दोन-दोन वर्षांची पोरंही धावतात. यंदा आमच्याकडच्या बोरन्हाणाला मी सुपरमार्केटमधून हेअरबँड, मोठे रबरी चेंडू आणि हातरुमाल आणले. चेंडू वरून ओतायचे नाहीत म्हणून प्रत्येक मुलाच्या हातात दिले. गंमत कमी झाली नाही, आणि आयांचा जीवही थाऱ्यावर राहिला.

आणि बटण सेल. चमकणारी अंगठी, दिव्याची भिंगरी, बोलणारं कार्ड यांत ते चपटे, नाण्यासारखे सेल असतात. ते गिळले तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. उलटी करवायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातून अवघड केस गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवतात, तो रस्ता किती वेळ खातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, नुसतं नखाने उघडत असेल, तर ती वस्तू पाच रुपयांची असो की पाचशेची, घरात आणू नका. याबाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही.

भेटवस्तूंचं म्हणाल तर वर्गातल्या मुलांच्या वाढदिवसांना दीडशे-दोनशेत भागतं. माझी ठरलेली जोडी म्हणजे कॅमलिनचे ऑइल पेस्टल आणि जाड कागदाची चित्रवही. वही पावसात सादळते, पण मूल त्याआधी ती भरून टाकतं. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या मुलांसाठी मी उड्या मारायच्या दोऱ्या, लगोरीचा संच आणि फ्रिस्बी आणून ठेवते. मुंबईच्या इमारतीत जे खेळायला जागा नसते ते इथे खेळू दे. पोरं आरतीपर्यंत घरात सापडत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या खेळण्यांवरचा आणि कॅरम, बुद्धिबळासारख्या खेळांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रॉनिक खेळणी त्या सवलतीत नव्हती. माझ्या दृष्टीने तर छानच झालं.

तक्रार एकच, आणि ती मोठी आहे. धाकटीसाठी घेतलेल्या पियानोच्या चार पट्ट्या खोकं उघडल्यापासून वाजत नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी बिल घेऊन गेले तर काउंटरवर उत्तर मिळालं, "खोकं उघडलेलं आहे, परत घेता येणार नाही." खोकं न उघडता पट्टी वाजते की नाही हे कळणार कसं? व्यवस्थापकांपर्यंत गेले, वाद घातला, तेव्हा कुठे बदलून दिला. हल्ली आवाजाची कुठलीही वस्तू मी बिल करण्याआधी तिथल्या मुलाकडून सेल घालून वाजवून घेते. मागे रांग लागली तरी चालेल.

लाकडी खेळणं मात्र मी सुपरमार्केटमधून घेत नाही. तिथे मिळतात ती बहुधा दाबलेल्या भुशाच्या फळीची, वर रंगीत कागद चिकटवलेली. ओल लागली की पोपडे निघतात. त्यासाठी सावंतवाडीची चितार आळी आहे. तिथली लाकडी फळं, भातुकली, बैलगाडी यांना पैसे जास्त पडतात, पण ती अस्सल लाकडाची आणि हातची असतात. त्यांच्यावर आयएसआय चिन्ह दिसलं नाही तर दचकू नका. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना त्या सक्तीतून सूट आहे. चितार आळीतली लाकडी आंबा-फणसाची परडी धाकटीकडे दिवाळीपासून आहे. रोज तिचा बाजार भरतो, आजीला रोज फणस विकत घ्यावा लागतो. तरी फळांचा देठ तेवढा ओढून बघा, अडीच वर्षांच्या मुलाच्या हाती देण्याआधी.