राजकीय पोस्ट हटली, खाते रोखले गेले: दाद कंपनीकडे मागावी, अपील समितीकडे की उच्च न्यायालयात?

राजकीय मजकूर गायब झाला की बहुतेक जण लगेच दुसरे खाते उघडतात. यात नुकसानच होते. बंदी चुकवण्यासाठी उघडलेले खाते हे बहुतेक कंपन्यांच्या नियमांत स्वतंत्र उल्लंघन ठरते आणि त्यामुळे मूळ तक्रारही लंगडी पडते. भारतात दाद मागण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत: कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, केंद्र सरकारने नेमलेली तक्रार अपील समिती आणि उच्च न्यायालयातली रिट याचिका (सरकारी कृतीविरुद्ध हक्कांसाठी थेट केलेली याचिका). कोणता मार्ग धरायचा, हे मजकूर कुणाच्या सांगण्यावरून गेला त्यावर अवलंबून असते. म्हणून आधी तेवढे शोधून काढा.

ते ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. एक्सवर खाते किंवा पोस्ट कायदेशीर मागणीमुळे भारतात रोखली आहे असे दिसते आणि सहसा खातेदाराला ईमेलही येतो. यूट्यूबवर राष्ट्रीय सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेसंबंधी सरकारी आदेशाचा उल्लेख असतो. ईमेलमध्ये फक्त ‘कम्युनिटी गाइडलाइन्स’ असतील तर निर्णय, निदान कागदावर तरी, कंपनीचा आहे. सोपी चाचणी म्हणजे लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या नातेवाइकाला तीच लिंक उघडायला सांगा. तिथे दिसते आणि इथे नाही, तर बहुधा सरकारी किंवा न्यायालयीन आदेश आहे. सगळीकडूनच गेली असेल तर बहुधा कंपनीचा नियम. मात्र सरकारी यंत्रणेने नुसते बोट दाखवायचे आणि कंपनीने आपल्याच नियमाखाली मजकूर काढायचा, असेही घडते. तेव्हा ही चाचणी फसते.

आदेश सरकारचा असेल तर तो कुठल्या कलमाखाली आला हेही पाहावे लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ ची कारणे मोजकी आहेत: देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. बदनामी किंवा नेत्याची खिल्ली यांत बसत नाही. या कलमाखालच्या २००९ च्या नियमांप्रमाणे उत्तरासाठी किमान ४८ तासांची नोटीस द्यायची असते. पण ती ‘व्यक्तीला किंवा मध्यस्थ कंपनीला’ द्यायची असल्याने लिहिणाऱ्यापर्यंत ती अनेकदा पोहोचतच नाही. शिवाय तातडीच्या आदेशाला आगाऊ सुनावणी लागत नाही.

दुसरा रस्ता त्याच कायद्याच्या कलम ७९(३)(ब) चा. यात ६९अ सारखी तपासणी समिती नाही, सुनावणी नाही. सरकारी सूचना आली की कंपनीला कायदेशीर संरक्षण (वापरकर्त्यांच्या मजकुराची जबाबदारी तिच्यावर न येणे) टिकवण्यासाठी मजकूर काढावा लागतो. गृह मंत्रालयाच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून अशा सूचना जातात. एक्सने त्याला आव्हान दिले. कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी ती याचिका फेटाळली. या निकालातली एक गोष्ट सामान्य वापरकर्त्याच्या कामाची आहे. भाषण स्वातंत्र्य देणारा संविधानाचा अनुच्छेद १९ नागरिकांसाठी आहे, परदेशी कंपनीसाठी नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे कंपनी आपली लढाई लढेल या भरवशावर बसू नका. भाषण स्वातंत्र्याचा मुद्दा नागरिक म्हणून तुम्हीच जास्त भक्कमपणे मांडू शकता.

आता तिन्ही मार्गांकडे पाहू.

तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जायला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. ॲपमधले ‘अपील’ म्हणजे ही तक्रार नव्हे, आणि इथेच सर्वाधिक लोक चुकतात. अधिकाऱ्याचे नाव व पत्ता प्रसिद्ध करणे कंपनीवर बंधनकारक आहे. तिथे स्वतंत्र अर्ज करून तक्रार क्रमांक मिळवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या मूळ नियमांत २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत होती. नियमांत वारंवार बदल होतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी चालू पाठ उघडून पाहा. कंपनीचे ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असतील आणि मजकूर तिने आपणहून काढला असेल, तर अर्जात याच नियमांतील नियम ४(८) चा उल्लेख करा. कारण कळवणे आणि म्हणणे मांडायची संधी देणे हे त्या नियमाखाली कंपनीचे काम आहे. उपहास, चुकून स्पॅम ठरणे, विरोधकांनी ठरवून केलेले ‘रिपोर्ट’ अशा बाबतींत हा मार्ग चालतो. सरकारी आदेशापुढे कंपनीचा अधिकारी काही करू शकत नाही. तरी आदेशाची प्रत त्याच्याकडे लेखी मागा. नकार आला तरी पुढे तो नकारच पुरावा होतो.

तक्रार अपील समित्या २७ जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने तीन स्थापन झाल्या. प्रत्येकीत अध्यक्ष आणि दोन पूर्णवेळ सदस्य. तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचे. समितीने ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे नियम म्हणतो. सगळा व्यवहार ऑनलाइन असल्यामुळे गडचिरोलीतून काय, मुंबईतून काय, सारखेच. तक्रार क्रमांक आणि अधिकाऱ्याचे उत्तर जोडले नाही तर अपील उभे राहायलाच अडचण येते. कंपनीच्या स्वतःच्या निर्णयाविरुद्ध हा मार्ग जरूर वापरा. पण सरकारने नेमलेली समिती सरकारचाच आदेश उलटवेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

सरकारी आदेशाविरुद्ध खरी ताकद उच्च न्यायालयाची. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे) रद्द झाले. त्या लढाईचे मूळ महाराष्ट्रातच होते: २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून पालघरमध्ये दोन तरुणींना झालेली अटक. त्याच निकालाने ६९अ मात्र कायम ठेवले, आणि कारणे लेखी असावीत म्हणजे त्यांना रिट याचिकेत आव्हान देता येईल, यावर भर दिला. ‘डावरी कॅल्क्युलेटर’ या हुंड्यावरच्या उपहासात्मक संकेतस्थळाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निर्मात्याला आदेशाची प्रत आणि सुनावणी द्यायला लावली. संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले होते. म्हणजे नुसती प्रत हाती यायला किती काळ गेला, याचा हिशेब करा. याउलट तमिळ ‘विकटन’चे संकेतस्थळ पंतप्रधानांवरील व्यंगचित्रानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये रोखले गेले आणि मद्रास उच्च न्यायालयाने मार्चमध्येच ते खुले करायला सांगितले, पण ते चित्र तात्पुरते काढण्याच्या अटीवर. अंतरिम दिलासा हवा असेल तर अशी तडजोड पुढे येऊ शकते. ती मान्य आहे का, हे आधीच ठरवून वकिलाला सांगा.

याचिकेत केंद्र सरकारला संबंधित मंत्रालयामार्फत प्रतिवादी करावे लागते. नुसत्या कंपनीविरुद्ध रिट चालते का, यावरच पहिल्या तारखा खर्ची पडू शकतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा यांच्या जोडीला १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंचही (उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ) आहे. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गकरांचा मुंबईचा हेलपाटा त्याने वाचतो. खर्च मुख्यतः वकिलाचा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, पण २००९ च्या नियमांतील नियम १६ ची गोपनीयता आणि माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(अ) पुढे करून नकार येण्याचीच शक्यता दाट. मुख्य मार्ग म्हणून त्यावर वेळ घालवू नका. आदेश बदनामीच्या दिवाणी दाव्यातला असेल, तर वरचे तिन्ही मार्ग सोडा आणि त्याच न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ४ खाली मनाई उठवण्याचा अर्ज करा.

तर, एकच पोस्ट गेली आणि कारण कंपनीचा नियम: तक्रार, मग अपील. बातम्यांचे पोर्टल किंवा अख्खे चॅनेल सरकारी आदेशाने बंद: त्याच आठवड्यात वकील गाठा, कंपनीकडचा अर्ज समांतर चालू द्या. मतदान आठ-दहा दिवसांवर असेल तर तिन्ही मार्ग अपुरे पडतील. एप्रिल २०२४ मध्ये निवडणूक आयोगाच्या आदेशावरून एक्सने काही राजकीय पोस्ट रोखल्या. आपण असहमत आहोत असे जाहीरपणे सांगूनही त्या निवडणूक संपेपर्यंत रोखून धरणार असल्याचे कंपनीने म्हटले होते. अशा वेळी वादग्रस्त वाक्य वगळून मुद्दा सभेत, पत्रकात, इतर माध्यमांत मांडा आणि कायदेशीर लढा पुढच्या वेळेसाठी लढा.

मार्ग कोणताही असो, पुरावा पहिल्याच दिवशी गोळा करा. पूर्ण यूआरएल, तारीख-वेळ, पडद्यावरचा संदेश आणि ईमेल मूळ स्वरूपात ठेवा. निव्वळ कापलेला स्क्रीनशॉट पुरत नाही. खाते पूर्ण बंद होण्याआधी त्यातला डेटा उतरवून घ्या. न्यायालयात जाणार असाल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र, हॅश मूल्यासह (फाइल बदलली नाही हे दाखवणारा अंक-अक्षरांचा संकेत), तयार ठेवा. ‘पोस्ट डिलीट केली तर खाते परत’ असा पर्याय कंपनीने दिला तर घाईने बटण दाबू नका, कारण मग त्या पोस्टपुरते भांडायला फारसे उरत नाही. आणि त्याच पोस्टवरून गुन्हा दाखल झाला असेल तर तक्रारीत किंवा अपिलात एक ओळही वकिलाला दाखवल्याशिवाय लिहू नका; तिथे दिलेले स्पष्टीकरण तपासात तुमच्यावरच उलटू शकते.